तारण

मराठीत 'तारण' हा शब्द दोन ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरतो. एक ठिकाण म्हणजे पतपेढी, सहकारी सोसायटी, सावकाराची ओसरी. तेथे तारण म्हणजे कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू, मग ते शेत असो, घर असो की दागिना. दुसरे ठिकाण म्हणजे चर्च. तेथे तारण म्हणजे मुक्ती, उद्धार. माझे बालपण नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबात गेले, आणि आमच्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच आठवड्यात कानावर पडत. सोसायटीचे कर्ज काढून आलेल्या आजोबांना आजी विचारी, "तारण काय दिलं?" आणि रविवारच्या उपदेशात पाळकसाहेब फुकट मिळणाऱ्या तारणाची वार्ता सांगत. कोशकार या दोन अर्थांना एका नोंदीत ठेवतील की दोन, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. पण श्रद्धा आणि राजसत्ता यांच्या संबंधांचा विचार करू लागले की हे दोन अर्थ एकमेकांकडे पाहू लागतात. माणूस ज्या सत्ताधीशाकडे तारण मागायला जातो, त्याच्याकडे बहुधा काहीतरी तारण ठेवूनच परततो.

ख्रिस्ती श्रद्धेला हा मोह विशेष जवळचा आहे, आणि त्याचे एक कारण तिच्या भाषेत आहे. या श्रद्धेची सारी महत्त्वाची नामे राजदरबारातून आलेली आहेत. 'प्रभू', 'तारणारा', 'राज्य', 'सुवार्ता' हे शब्द आज आपल्याला निव्वळ धार्मिक वाटतात. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषिकाला ते तसे वाटले नसते. आजच्या तुर्कस्तानातील प्रीने येथे इ. स. पूर्व ९ मधला एक शिलालेख सापडलेला आहे. सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस हा नव्या वर्षाचा आरंभ मानावा असा ठराव त्यात आहे, आणि त्या जन्माच्या संदर्भात जो शब्द वापरला आहे तोच पुढे शुभवर्तमानकारांनी उचलला. 'तारणारा' ही राजांना लावायची पदवी होती. 'प्रभू' कैसरालाही म्हणत. रोमी सत्तेने क्रुसावर ठार केलेल्या एका गालीली सुताराला ही सारी नामे बहाल करणे म्हणजे भाषेतला एक उठावच होता. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले की या लोकांचे काय करावे. संशयितांची परीक्षा तो कशी घेई, तेही त्याने कळवले आहे. सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य अर्पण करायचे आणि ख्रिस्ताची निंदा करायची. ज्याने हे केले तो सुटला. प्लिनीला धर्मशास्त्र कळत नव्हते, पण नेमकी मेख कोठे आहे हे त्याला कळले होते. सिंहासनाचे शब्द सिंहासनाला परत करा, एवढीच त्याची मागणी होती.

मला असे वाटते की राजकीय नेत्यावर भरवसा टाकण्याचा जो मोह ख्रिस्ती समाजाला वारंवार होतो, त्याचे खरे रूप हेच आहे. श्रद्धा सोडावी लागत नाही. प्रार्थना, गायने, सण सगळे पूर्ववत चालू राहते. फक्त एकेक शब्द हळूच मूळ मालकाच्या घरी परत जातो.

या मोहाची सर्वांत जुनी आणि अजून ताजी वाटणारी कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, आठव्या अध्यायात आहे. इस्राएलाचे वडीलधारे म्हाताऱ्या शमुवेलाकडे येतात आणि इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा हवा म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाही. शमुवेलाचे मुलगे लाचखाऊ आहेत, शेजारी शत्रू प्रबळ आहेत. आमच्यापुढे चालेल, आमच्या लढाया लढेल असा कोणीतरी त्यांना हवा आहे. उत्तरादाखल शमुवेल राजेशाहीचे तत्त्वज्ञान सांगत नाही. तो एक यादी वाचतो. राजा तुमचे मुलगे घेईल, ते त्याच्या रथांपुढे धावतील. मुली घेईल, त्यांना आचारीण आणि भटारीण करील. शेते, द्राक्षमळे, जैतुनाची बने घेईल, धान्याचा दशमांश घेईल, गुरे घेईल, आणि शेवटी तुम्ही स्वतःच त्याचे दास व्हाल. साहित्याच्या विद्यार्थ्याने या उताऱ्याची क्रियापदे पाहावीत. राजाच्या वाट्याला जवळजवळ एकच क्रिया आली आहे, घेण्याची. आमच्या आजोबांच्या कर्जाच्या कागदावर गटनंबर आणि चतुःसीमा लिहिलेल्या असत. शमुवेलाची यादी मला तशाच तारणपत्रासारखी वाटते. आणि तरीही लोक म्हणतात, चालेल, आम्हाला राजा हवाच.

तो मिळाला की काय होते, याची एक उपरोधिक गोष्ट त्याआधीच्या 'शास्ते' या पुस्तकात येते. आपल्या भावांची कत्तल करून अबीमलेख राजा झाला. वाचलेला एकटा धाकटा भाऊ योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून लोकांना झाडांची कथा ऐकवतो. झाडांना राजा हवा होता. जैतुनाने नकार दिला, कारण त्याला त्याचे तेल सोडवेना. अंजिराला त्याचा गोडवा सोडवेना, द्राक्षवेलीला तिचा रस सोडवेना. शेवटी काटेरी झुडपाला विचारले. ते लगेच तयार झाले, आणि म्हणाले की माझ्या छायेत आश्रयाला या. गोष्टीचा सारा विनोद आणि सारी भीती या एका निमंत्रणात आहे. काटेरी झुडपाला छाया असते कोठे? तेथे मिळतात ते काटे, आणि वणवा लागला तर पहिली ठिणगी. मराठीत आपण एखाद्या पुढाऱ्याच्या 'छत्रछायेखाली' असल्याचे अभिमानाने सांगतो. योथामाने ते ऐकले असते तर वर पाहून पाने मोजायला सांगितली असती.

पण हा मोह केवळ लोभातून येतो असे समजणे अन्यायाचे होईल. तो पुष्कळदा कृतज्ञतेतून येतो, आणि त्या कृतज्ञतेच्या मागे भीती असते. कैसरियाचा बिशप युसेबियस हे याचे उत्तम उदाहरण. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने सुरू केलेला छळ त्याने डोळ्यांनी पाहिला होता. चर्चच्या इमारती जमीनदोस्त होताना आणि पवित्र ग्रंथ चव्हाट्यावर जाळले जाताना पाहिले होते. ज्यांच्या ग्रंथसंग्रहात तो घडला ते त्याचे गुरू पॅम्फिलस यांचा त्याच छळात ३१० च्या सुमारास शिरच्छेद झाला. आणि मग कॉन्स्टंटाइन आला. ३१३ मध्ये ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाली, आणि ३२५ मध्ये निकीयाच्या परिषदेला साम्राज्यभरातून आलेल्या बिशपांना स्वतः सम्राटाने मेजवानी दिली. युसेबियसने त्या मेजवानीचे वर्णन लिहून ठेवले आहे. नागव्या तलवारी घेतलेल्या रक्षकांच्या रांगांमधून देवाची माणसे निर्भयपणे आत चालत गेली आणि सम्राटाच्या पंक्तीला बसली. हे ख्रिस्ताच्या राज्याचे चित्र वाटावे, स्वप्न वाटावे, असे त्याला झाले.

त्या वर्णनाला हसणे सोपे आहे. ज्या तलवारींनी कालपरवा गुरूची मान उडवली, त्याच तलवारी आज मानवंदनेला उभ्या आहेत हे पाहून कोणाचे मन भरून येणार नाही? परंतु याच युसेबियसने पुढे लिहिलेल्या कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात एक जागा रिकामी आहे. ३२६ साली कॉन्स्टंटाइनने आपला थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार करवले. युसेबियसच्या आधीच्या इतिहासग्रंथात क्रिस्पसची स्तुती आहे. या चरित्रात त्याचे नावही नाही. समीक्षकाला गाळलेल्या जागा वाचाव्या लागतात. ज्याला आपण तारणारा ठरवले त्याच्याविषयी काही वाक्ये आपोआप लिहायची राहून जातात. युसेबियसने मेजवानीच्या बदल्यात काय तारण ठेवले असे विचारले तर उत्तर एवढेच आहे: साक्षीदार म्हणून असलेली आपली जीभ.

विसाव्या शतकात हाच व्यवहार जर्मनीत झाला, आणि तेथे शब्दांची परतफेड अगदी उघड दिसते. 'हाइल हिटलर' मधल्या 'हाइल'चा अर्थ आपण जयजयकार असा धरतो. लूथरच्या जर्मन बायबलमध्ये मात्र तारणाला 'हाइल' हा शब्द आहे आणि तारणाऱ्याला 'हाइलांड'. प्रभूच्या प्रार्थनेत ज्या राज्याच्या येण्याची याचना आहे त्याला लूथरचा शब्द 'राइख'. म्हणजे रविवारी चर्चमध्ये ज्या शब्दांनी देवाला हाक मारायची, तेच शब्द सोमवारी हात उंचावून एका माणसासाठी उच्चारायचे. हे करणारे सगळे दुष्ट नव्हते. पहिल्या महायुद्धातला पराभव, १९२३ ची चलनवाढ, बेकारी आणि रशियात चर्चची जी वाताहत झाली तिची धास्ती, या सगळ्यांनी ते घाबरलेले होते. हिटलरने २३ मार्च १९३३ च्या भाषणात दोन्ही ख्रिस्ती पंथांचा गौरव केला, आणि अनेकांना हायसे वाटले. जुलै १९३३ मधल्या चर्चच्या निवडणुकांत 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या नाझीधार्जिण्या गटाला मोठे बहुमत मिळाले. मार्टिन नीमोलर हे पहिल्या महायुद्धात पाणबुडीवर अधिकारी होते, नंतर बर्लिनमध्ये पाळक झाले. १९३३ साली त्यांचेही मत हिटलरच्याच पक्षाला होते. पुढे चर्चमध्ये वंशाची अट येऊ लागली तेव्हा त्यांनी विरोध संघटित केला. १९३७ च्या जुलैत त्यांना अटक झाली आणि १९४५ पर्यंतची वर्षे त्यांनी कैदेत, बहुतांशी छळछावण्यांत काढली.

याच काळात दोन माणसांनी शब्दांकडे नीट पाहिले. हिटलर चॅन्सेलर झाल्यावर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, सव्वीस वर्षांच्या डीट्रिख बोनहोफर यांचे आकाशवाणीवर नेतृत्वाविषयी भाषण झाले. ते संपण्यापूर्वीच प्रक्षेपण तुटले. जो नेता अनुयायांना आपली मूर्ती घडवू देतो तो नेता न राहता भुलवणारा होतो, असा त्यातला विचार होता. जर्मनमध्ये नेत्याला 'फ्यूरर' आणि भुलवणाऱ्याला 'फर्फ्यूरर' म्हणतात. एका उपसर्गाचा फरक. आपल्याकडे कोकणात रात्रीच्या वाटसरूला भलत्या वाटेने नेणाऱ्या भुताला 'चकवा' म्हणतात. तोही पुढेच चालतो, आणि मागच्याला वाटते की आपण घरी निघालो आहोत. दुसरे कार्ल बार्थ. मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन या गावी जमलेल्या चर्चसभेने जो जाहीरनामा संमत केला, त्याचा मसुदा मुख्यतः त्यांचा. आयुष्याचे असे एकही क्षेत्र नाही जेथे आपण ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या प्रभूंचे असू, हे त्याचे सार. पुढे हिटलरच्या नावाने बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे बार्थ यांची बॉनमधली प्राध्यापकी गेली.

बार्मेनचा गौरव करताना त्यातली रिकामी जागाही वाचली पाहिजे. त्या जाहीरनाम्यात ज्यूंविषयी एक शब्द नाही, आणि याची खंत बार्थ यांनी पुढे १९६७ साली एका पत्रात व्यक्त केली. चर्चचा प्रभू कोण, हे सांगितले गेले. शेजाऱ्याच्या दारावर पडलेल्या थापेविषयी सांगायचे राहिले. नेत्याला तारणारा म्हणायचे नाकारणे ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी पुढे येईल.

हा मोह जुन्या काळात सोडून आलो असे म्हणता येत नाही. २०१२ साली मॉस्कोच्या कुलगुरूंनी पुतिन यांच्या कारकिर्दीला देवाचा चमत्कार म्हटले. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीपासून काही उपदेशक ट्रम्प यांना बायबलमधल्या कोरेश राजाची उपमा देत आले आहेत. यशया संदेष्ट्याने कोरेशाला देवाचा अभिषिक्त म्हटले हे खरे. पण त्याच ठिकाणी त्याने हेही म्हटले आहे की कोरेश देवाला ओळखत नव्हता. राजा देवाच्या हातातले अवजार असू शकतो. अवजाराची आरती करायला मात्र यशयाने सांगितलेले नाही.

आणि आपल्याकडे? मी ज्या मंडळीचा सभासद आहे तेथे काही वर्षांपूर्वी, एका निवडणुकीच्या तोंडावर, एका उमेदवाराने रविवारी भेटीला येण्याची इच्छा कळवली. उपासनेत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असे काहींचे म्हणणे पडले. समितीच्या बैठकीत एक वृद्ध सभासद म्हणाले, "आपली घरं किती? दफनभूमीची भिंत पडून दोन पावसाळे झाले. उद्या काही झालं तर कोणाच्या दारात जायचं?" या प्रश्नात लाचारी नव्हती, अनुभव होता. थोडक्या लोकांची भीती ही कल्पित गोष्ट नसते. युसेबियसचीही नव्हती. एका निवृत्त परिचारिकाबाईंनी तेवढ्यात याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना तेथे खडसावले आहे. त्या म्हणाल्या, "त्यांना चहा द्या, भिंतीचा अर्ज द्या. वेदीपाशी शाल नको." तसेच ठरले. उपासना संपल्यावर आवारात चहा झाला, अर्ज दिला गेला, आणि दुसऱ्या प्रतीवर सहीनिशी पोच घेतली गेली.

त्या पोचेचे महत्त्व मला उत्तरोत्तर अधिक वाटत आले आहे. तारणाऱ्याकडून कोणी पोच घेत नाही. लोकप्रतिनिधीकडून घ्यावीच लागते. मत, अर्ज, पोच, पाठपुरावा, आणि पुढच्या वेळी हिशेब, हे राजकारणाचे स्वच्छ व्यवहार आहेत. श्रद्धावंताने त्यांच्यापासून दूर राहावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. राजकारणातून पळ काढणे हे नेतृत्वपूजेवरचे औषध नव्हे. भिंत बांधून घेण्यासाठी भक्त व्हावे लागत नाही, नागरिक व्हावे लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी हाच भेद सर्व भारतीयांसाठी करून ठेवला. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. ख्रिस्ती वाचकाला त्यात परके असे काही नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या भेदाचे भान पूर्वीपासून आहे. इंग्रजी अमदानीत येथल्या ख्रिस्ती माणसाला मोह होण्याचे सबळ कारण होते, कारण राज्यकर्ते त्याच्याच धर्माचे होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात त्यांनीच लिहिले, आणि ते सरकारला झोंबले. सरकार आपल्या धर्माचे आहे म्हणून त्याला सूट नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून नवा बंधुसंघ काढला, त्याला नाव दिले 'देवाचा दरबार'. सहाच वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, दिल्लीत बादशहाचा प्रचंड दरबार भरला होता. ते दृश्य ताजे असताना 'दरबार' हा शब्द देवाकडे वळवणे म्हणजे पहिल्या शतकातल्या त्या भाषिक उठावाचा मराठी अवतारच म्हणायचा.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी असे पौलाच्या नावे असलेल्या पत्रात सांगितले आहे, आणि आमच्या उपासनेत ती दर रविवारी होते. 'राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना' आणि 'राज्यकर्त्यांची प्रार्थना' यांत मराठीत केवळ एका शब्दयोगी अव्ययाचे अंतर आहे. 'साठी' शिल्लक आहे तोवर प्रार्थना करणाऱ्याला ठाऊक असते की हा माणूसही गरजवंत आहे, चुकणारा आहे, मरणारा आहे. एकशे सेहेचाळिसाव्या स्तोत्रात अधिपतींवर भरवसा न ठेवण्याचे जे कारण दिले आहे ते हेच. अधिपती दुष्ट आहे असे तेथे म्हटलेले नाही. त्याचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात, एवढेच म्हटले आहे. चांगल्या राजालाही हे लागू आहे. त्या अधिपतीपाशी जे नाही म्हणून सांगितले, त्यासाठी मूळ हिब्रूत आलेला शब्द सुटका, तारण या अर्थाचा आहे. 'येशू' हे नाव ज्या धातूपासून आले त्याच धातूचा. स्तोत्रकर्त्याने तो शब्द सिंहासनाला द्यायचे नाकारले.

आणि बार्मेनने जे सांगायचे राहून गेले ते या स्तोत्राने सांगितले आहे. नकारानंतर तेथे एक यादी येते: पिडलेल्यांचा न्याय करणे, भुकेल्यांना अन्न देणे, बंदिवानांना सोडवणे, आंधळ्यांना दृष्टी देणे, वाकलेल्यांना उभे करणे, परक्यांना सांभाळणे, अनाथाला आणि विधवेला आधार देणे. शमुवेलाच्या यादीशेजारी ही यादी ठेवून वाचावी. एका यादीत सारखे 'घेईल' आहे, दुसरीत देणे आणि सोडवणे. वर्गात हे दोन उतारे एकत्र शिकवायला घ्यावेत असे मला नेहमी वाटते. त्यासाठी विद्यार्थ्याने ख्रिस्ती असण्याची गरज नाही. उद्या व्यासपीठावरून कोणी तारण्याचे वचन देऊ लागला की त्याची नामे बाजूला ठेवून केवळ क्रियापदे मोजावीत, आणि ती यांपैकी कोणत्या यादीतली आहेत ते पाहावे.